दादाचं स्थळ आणि माझा उत्पन्नाचा दाखला

…अहो मिळते हो, शिष्यवृत्ती मिळते! मिळत नाही असं मी म्हटलंच नाही! मिळते म्हणूनच तर हे सगळं रामायण… तुम्हाला सांगते, मिळवायला एकदाच पळावं लागतं, टिकवायला दरवर्षी. रिन्यूअल म्हणतात त्याला. आमच्या कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीत प्रफुल्ल सर बसतात, क्लार्क आहेत, ते मान वर न करता म्हणतात, "रिन्यूअल ना? मग काही नाही, सोप्पं आहे." सोप्पं! मी बी.फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तीन वर्षं हे सोप्पं करतेय, मला विचारा! बोनाफाईड आणा, गुणपत्रिका आणा, रेशनकार्ड आणा, हमीपत्र आणा, आधारला जोडलेलं खातं आणा… आणि उत्पन्नाचा दाखला आणा. इथंच माशी शिंकली. पहिल्या वर्षी काढलेला दाखला तीन वर्षं चालला, यंदा त्याची मुदत संपली. म्हणजे पप्पांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत आहे, हे सरकारला परत एकदा पटवून द्यायचं. आणि फॉर्म भरायची मुदत? एकतीस तारीख!

आता पटवायला अवघड काय होतं? आमचे पप्पा, जयराम, नाशिकला द्वारका चौकातल्या स्टँडला छोटा हत्ती लावतात. छोटा हत्ती म्हणजे तो लहान टेम्पो हो, सर्कस नाही. कुणाचं कपाट हलव, कुणाचा फ्रिज चढव, कधी टोमॅटोचे कॅरेट मार्केटला टाक… भाडं मिळालं तर मिळालं, नाही तर दिवसभर स्टिअरिंगवर पाय टाकून पेपर वाच. डिझेल आणि टायर वजा जाता घरात काय येतं ते आमची आई जाणे. तेव्हा गरिबी आमची अस्सल, तिच्यात भेसळ नाही! पण कधी नव्हे ते पप्पांनी श्रीमंत व्हायचं मनावर घेतलं, आणि ते कधी घेतलं माहितीये? मी दाखला काढायला जायच्या बरोबर दोन दिवस आधी!

कारण काय, तर सनीदादा. माझा भाऊ. बत्तीस वर्षांचा झाला, अंबडच्या एमआयडीसीत कंपनीत कंत्राटावर आहे, स्वभावानं सोनं, आणि लग्न काही जमत नाही. तुम्हाला वाटतं मुलीवाल्यांना टेन्शन असतं? कुठल्या जमान्यात आहात? हल्ली मुलीवाले येतात, पाय न धुता विचारतात, "परमनंट का?" नाही. "स्वतःचं घर का?" आहे, दोन खोल्या, पण पत्र्याच्या. "बरं, कळवतो." कळवतो म्हणजे गेले! एकोणीस स्थळांनी कळवतो म्हणून सांगितलं, एकानंही कळवलं नाही. विसावं स्थळ आलं मनमाडचं. मुलगी तृप्ती, लॅबमध्ये रक्त तपासते. तिला वडील नाहीत, मामाच सगळं बघतात. पप्पा म्हणाले, "हे स्थळ जाऊ द्यायचं नाय. यावेळी आपण थोडं मोकळ्या हातानं सांगू."

थोडं! रविवारी नऊ तारखेला पाहुणे आले तर आमच्या दारात एक नाही, दोन नाही, तीन छोटे हत्ती उभे! एक आमचा, एक योगेशकाकांचा, एक त्यांच्या मित्राचा. सकाळी सातला धुतले, उदबत्ती लावली. मित्राच्या गाडीत टोमॅटोचे कॅरेट भरलेले होते, ते उतरवायला वेळ नव्हता, तर पप्पा म्हणतात, "राहू दे राहू दे, धंदा चालू हाय असं दिसतं." पाहुण्यांनी विचारलं, "गाड्या आपल्याच का?" पप्पा म्हणाले, "ट्रान्सपोर्ट हाय आपलं. छोटंसंच." छोटंसंच, हे असं डोळे मिटून म्हणाले! एका गाडीच्या काचेवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत 'योगेश' लिहिलेलं, ते पाहुण्यांनी वाचलं, तर पप्पा म्हणाले, "ड्रायव्हरची हौस हो. पोरांना नाय म्हणवत नाय." आणि खरे योगेशकाका तिथेच, चहाचा ट्रे घेऊन उभे! ड्रायव्हर झाले बिचारे एका वाक्यात. वर्षाचं उत्पन्न विचारलं तेव्हा आईनं माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे, दादानं फरशीकडे, आणि पप्पा म्हणाले, "आठ-नऊ लाख सुटतात म्हणा ना."

म्हणा ना! कोण म्हणणार? म्हणणारा माणूस समोरच बसला होता, पण आम्हाला काय माहीत! मुलीचे मामा, रंगनाथमामा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं कमी, बघणं फार. पत्रे बघत होते, मीटर बघत होते, खिडकीतून गाड्या बघत होते. कुणीतरी ओळख करून दिली, "मामा महसूल खात्यात आहेत, इतके दिवस वणीकडं होते, आता इकडं बदली झाली." पप्पा म्हणाले, "वा वा वा!" अहो, वा वा काय? कुठे बदली झाली, कुठल्या खुर्चीवर झाली, विचारायला नको? नाही विचारलं. उपमा खाल्ला, सुपारी खाल्ली, "दहा-पंधरा दिवसांत कळवतो" म्हणाले आणि गेले. आणि मी मंगळवारी गेले तलाठी ऑफिसला.

तुम्हाला सांगते, उत्पन्नाचा दाखला असा सरळ मिळत नाही. आधी तलाठ्याचा अहवाल. तुम्ही ज्या हद्दीत राहता तिथल्याच तलाठ्याचा, शेजारच्याचा चालत नाही. तो लिहितो, ह्यांचं उत्पन्न एवढं एवढं, मग तो कागद सेतूवाल्याकडे, मग तहसीलला, मग सही, मग दाखला. तर मी अर्ज घेऊन रांगेत, गाडीवरून आले म्हणून तोंडाला स्कार्फ तसाच, अर्जावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, वार्षिक उत्पन्न एक लाख ब्याण्णव हजार. माझ्यापुढे एक आजी होत्या, त्यांचं झालं, त्या बाजूला झाल्या… आणि खुर्चीत कोण? पांढरा शर्ट! दोन पेनं! रंगनाथमामा! "बोला ताई," म्हणाले. काय बोलू? बोला म्हणे! मी म्हटलं, "झेरॉक्स… झेरॉक्स राहिली," आणि जी पळाले ती गाडी तिथेच विसरून चालत घरी आले. गाडी आणायला संध्याकाळी दादाला पाठवलं. आणि मुदत? एकतीस तारीख!

घरी नुसता गोंधळ. पप्पा म्हणाले, "लग्न जमू दे, मग जा." मी म्हटलं, "कधी जमेल?" "दहा-पंधरा दिवसांत कळवणार हायेत ना." "आणि पंधराचे पंचवीस झाले तर?" मग म्हणाले, "तू आठ लाखच लिही ना अर्जात, काय फरक पडतो?" काय फरक पडतो! अडीच लाखांच्या वर एक रुपया दाखवला तरी शिष्यवृत्ती बंद, आणि बंद झाली की एक लाख बारा हजार फी आपण भरायची, नाही भरली तर परीक्षेचा फॉर्म नाही, चार वर्षं पाण्यात! पप्पा म्हणाले, "एक लाख बारा?" आणि बोटांवर भाडी मोजायला लागले. आई म्हणाली, "पोराचं लग्न आणि पोरीचं शिक्षण, दोन्ही एकाच माणसाच्या पेनात जाऊन बसलंय." मला आईचा राग आला, पप्पांचा आला, दादाचा उगीचच आला, आणि त्या तिसऱ्या टेम्पोचा तर इतका आला की काय सांगू.

मग माझा एक उद्योग सुरू झाला. रोज सकाळी कॉलेजला म्हणून निघायचं आणि तलाठी ऑफिससमोर जाऊन उभं राहायचं. म्हटलं, मामा एखाद्या दिवशी रजेवर जातील, दुसऱ्याकडे चार्ज देतील, तेवढ्यात आपला अहवाल काढून घेऊ. माणूस आहे, सर्दी होईल, साडूच्या घरी काही कार्य निघेल… काही नाही! असा निरोगी माणूस मी बघितला नाही! बुधवारी आले, गुरुवारी आले, शुक्रवारी तर पाच मिनिटं आधी आले. एरवी तुम्ही तलाठी शोधायला जा, "भाऊसाहेब फिल्डवर गेलेत" असं शिपाई सांगणार की नाही? मी मात्र जाईन तेव्हा भाऊसाहेब खुर्चीत! समोरच्या चहावाल्या गोजराबाई चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "पोरी, कोणावर पाळत ठिवते का? लग्नाचा मामला हाय का?" मी म्हटलं, "हो मावशी, पण माझ्या लग्नाचा नाही." आणि मुदत? एकतीस तारीख! पोर्टलवर माझ्या फॉर्मसमोर लाल अक्षरात 'अपूर्ण', मोबाईल उघडला की 'अपूर्ण', मैत्रिणींचे फॉर्म जाऊन बसलेले, वर्गात असेन तर लक्ष नाही, घरी असेन तर जेवण नाही.

एकोणीस तारखेला आम्ही जेवायला बसलो होतो. आणि सनीदादा म्हणाला, "पप्पा, उद्या तिच्याबरोबर जा तुम्ही." पप्पा म्हणाले, "आणि तुझं?" दादा म्हणाला, "माझं एकोणीस वेळा नाही झालंय, विसाव्यांदाही नाहीच होईल. तिचं शेवटचं वर्ष एकदाच आहे." आणि भाजी वाढ म्हणाला. मला रडू आलं हो, लपवून काय करू, भाकरी हातात तशीच. आम्ही लहानपणापासून रिमोटवरून भांडलेली माणसं… असं कुणी एकदम चांगलं वागलं की आपण करायचं काय?

तर गुरुवारी आम्ही निघालो. पप्पांनी तोंडाला मास्क लावला, डोक्याला माकडटोपी, वर गॉगल. मी म्हटलं, "पप्पा, हे काय?" म्हणाले, "सर्दी झालीय मला." अहो, अर्जावर नाव, अर्जावर पत्ता, अर्जाला आधारकार्ड, आणि ह्यांना सर्दी! रांगेत आमच्यापुढे सहा माणसं, मागे आठ. नंबर आला. मामांनी अर्ज घेतला. वाचला. परत वाचला. मग म्हणाले, "मास्क काढा. फोटो जुळवायचाय." पप्पांनी गॉगल काढला. "मास्क." पप्पांनी टोपी काढली. "मास्क हो!" आणि मास्क निघाला… मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, अजून मला त्या महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या पाठ आहेत.

मामा म्हणाले, "या पाहुणे. बसा." शिपायाला म्हणाले, "एक चहा सांग." आणि पेनाचं टोपण काढलं.

"गाड्या किती?"

"एक."

"परवा दारात तीन होत्या."

पप्पा म्हणाले, "दोन… त्या पण पाहुण्याच होत्या, भाऊसाहेब."

मागची आठच्या आठ माणसं हसली! मामा हसले नाहीत. "महिन्याला भाडी किती?" पप्पा हळूच काहीतरी बोलले. "मोठ्यानं सांगा, मला लिहायचंय." पप्पांनी मोठ्यानं सांगितलं. डिझेल किती? सांगितलं. गाडी महिन्याला किती दिवस उभी असते? तेही सांगितलं. आणि तुम्हाला सांगते, एकवीस वर्षं मी त्या माणसाच्या घरात राहते, पण महिन्यातले अकरा-बारा दिवस त्यांना एकही भाडं मिळत नाही, हे मला त्या रांगेत उभं राहून कळलं. रोज संध्याकाळी येतात आणि विचारलं की म्हणतात, "झालं, झालं, बरं झालं आज." मला लाज वाटली. गरिबीची नाही हो! त्या अकरा दिवसांतल्याच कुठल्यातरी दिवशी मी त्यांच्याकडून लॅबकोटासाठी पैसे घेतले असतील, त्याची. पप्पांनी चहाला हात लावला नाही. शेवटी मामांनी विचारलं, "मग ते आठ-नऊ लाख?" पप्पा म्हणाले, "ते पोरासाठी बोललो. हे पोरीसाठी खरं सांगतो. आता तुम्ही काय लिहायचं ते लिहा."

मामांनी लिहिलं. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार. म्हणजे आम्ही अर्जात लिहिलं त्याहून चार हजार कमीच! सही केली, शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला आणि पप्पांना म्हणाले, "हे भाऊसाहेब म्हणून झालं. मामा म्हणून नंतर कळवतो."

कळवतो! संपलं! मी कागद छातीशी धरून बाहेर आले. आनंद झाला म्हणावं तर दादाचं तोंड डोळ्यांसमोर, दुःख झालं म्हणावं तर कागद हातात. पप्पा गाडी चालवताना एवढंच म्हणाले, "बरोबर माणूस हाय. आपल्याला मिळायला पायजे होता." तिथून सेतूवाला, तो म्हणे सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी सर्व्हर उठला तर ओटीपी पप्पांच्या फोनवर, पप्पा घाटात, घाटात रेंज नाही. ओटीपी आला तेव्हा सेतूवाला जेवायला गेलेला. अर्ज तहसीलला गेला, तिथं थांबला. रोज बघते, 'कार्यवाही सुरू'. कसली कार्यवाही? कोण करतंय? कुणीच काही सांगेना. आणि मुदत? एकतीस तारीख!

आणि मधेच पंचवीसला संध्याकाळी दादाचा फोन वाजला. अनोळखी नंबर. दादानं स्पीकरवर टाकला, त्याला वाटलं लोनवाले. तर बाईमाणूस. "मी तृप्ती बोलतेय." आई हातातलं लाटणं घेऊन तशीच बाहेर आली. तृप्ती म्हणाली, "मामांनी सगळं सांगितलं." दादा म्हणाला, "हो… सॉरी." ती म्हणाली, "सॉरी काय? आजवर मला चौदा स्थळं आली. सगळ्यांचं दहा लाख, बारा लाख, एकाची तर द्राक्षाची बाग होती, ती नंतर चुलत्याची निघाली. चौकशी होऊन, सही-शिक्क्यासकट खरं उत्पन्न कळलेलं हे पहिलंच स्थळ. माझा पगार धरून भागेल की आपलं." मी त्याला चिमटा काढला. तर म्हणतो काय, "तुमचा ब्लड ग्रुप कोणता?" अहो, बत्तीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तिथं ब्लड ग्रुप! ती म्हणाली, "बी पॉझिटिव्ह." आणि आमच्या घरात असा आरडाओरडा झाला की शेजारच्यांना वाटलं आम्ही मॅच जिंकली.

एकोणतीसला दाखला आला. एकतीसला, सोमवारी, मी सकाळी नऊला प्रफुल्ल सरांच्या खिडकीत. फॉर्म गेला! लाल अक्षरं गेली, हिरवी आली! मला वाटलं त्या खिडकीतूनच सरांना पेढा भरवावा. तर सर म्हणाले, "थांबा. हजेरी बघू." कसली हजेरी? "दुसऱ्या हप्त्याला पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. तुमची… बहात्तर. दोन-अडीच आठवडे होतात कुठे तुम्ही?" मी म्हटलं, "सर, शिष्यवृत्ती टिकवत होते." सर म्हणाले, "ते ठीक आहे. पण आता सत्र संपेपर्यंत एकही लेक्चर बुडवायचं नाही. प्रॅक्टिकल तर मुळीच नाही, त्याची हजेरी दुप्पट धरतात. एक दिवस जरी गेला तर बसत नाही हिशोबात. बघा बाई, वर्षभराचं आहे तुमचं." मी म्हटलं, नाही बुडवणार सर. मला काय काम आहे दुसरं? आता कशाला बुडवीन?

घरी आले तर पप्पा नाचत होते. मनमाडचा हॉल मिळाला! रविवार एकही मोकळा नव्हता म्हणे, सगळे रविवार मे महिन्यापर्यंत गेलेले. बुधवार मिळाला, तोही मामांच्या ओळखीनं. तृप्तीची सुट्टी मंजूर, पत्रिका छापायला गेल्या, पप्पांनी पत्रिकेत स्वतःच्या नावापुढे धंदा लिहायला लावला, 'टेम्पोचालक', मोठ्या टाइपात. मी विचारलं, बुधवार? कुठला बुधवार? आणि कॅलेंडरजवळ गेले, आणि तिथेच खाली बसले. दादा म्हणाला, "काय झालं गं?" काय सांगू? सर्वांत आधी तोच म्हणाला असता, जा तू कॉलेजला. आणि तोच म्हणाला शेवटी. म्हणाला आणि पाठ करून पंखा पुसायला लागला.

तर आता तुम्ही सगळ्यांनी यायचं बरं का. बुधवारी, मनमाडला, दुपारी साडेबाराला बुद्धवंदना, लगेच जेवणं. नाशिकहून योगेशकाका गाडी लावणार आहेत, यावेळी मालक म्हणून. पप्पा दारातच उभे असतील, मामा शेजारी असतील. जेवूनच जा. फक्त नवऱ्या मुलाची करवली कुठाय म्हणून तिथं कुणाला विचारू नका… करवलीचं दहा ते पाच प्रॅक्टिकल आहे.